अश्वगंधा आणि प्रतिकारशक्ती : खान्देशात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसी कॉलेजात वनस्पतिजन्य औषधांचा विषय शिकवते आणि धुळे जिल्ह्यात राहते. त्यामुळे मला प्रश्न वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त येतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, आठवडे बाजारात कोणीतरी पुडी पुढे करतं आणि विचारतं, "ताई, हाई काय शे? घेऊ का मी?" कोरोनानंतर तर यातले बरेचसे प्रश्न आस्कंदाचेच असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

आस्कंद, अश्वगंधा आणि ढोरगुंज ही एकच वनस्पती का?

हो, एकच. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. कूळ वांगं, मिरची, टोमॅटोचं, म्हणजे आपल्या भरिताच्या वांग्याची ही चुलत बहीण. कमरेएवढं झुडूप, पानांवर बारीक लव, आणि पातळ कागदी वेष्टनात गुंजेएवढं लाल-केशरी फळ. औषधात वापरायची ती मुळी.

"अश्वगंधा" हे नाव ओल्या मुळीच्या वासावरून पडलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या तंबूंमधून फिरलेल्या माणसाला हा वास समजावून सांगावा लागत नाही. ताजी मुळी बोटांनी चोळून नाकाशी धरा, तापीकाठचा तो घोडेबाजार आठवेल. वाळल्यावर वास बराच उतरतो. "सोम्निफेरा" म्हणजे झोप आणणारी. ते नाव लॅटिन, पण आपल्याकडच्या अनुभवाशी जुळतं.

सातपुड्यातून येणारी सफेद मुसळी किंवा शतावरी हीच का?

नाही. तिन्ही वेगळ्या. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात किंवा शहाद्याच्या रस्त्यावर तिन्ही मुळ्या एकाच फडक्यावर मांडलेल्या दिसतात म्हणून गोंधळ होतो. शतावरीच्या मुळ्या झुपक्याने येतात, मुसळी सोललेली आणि पांढरीशुभ्र असते. खाली जे लिहिलं आहे ते फक्त अश्वगंधेबद्दल आहे, ते मुसळीला लावू नका.

मुळीत औषधी असं काय असतं?

सगळ्यात जास्त असतो स्टार्च. पण ज्याच्यासाठी मुळी घेतली जाते ती द्रव्यं म्हणजे विथानोलाइड्स. ही स्टेरॉइडच्या सांगाड्यावर बांधलेली, २८ कार्बन अणूंची संयुगं. या वनस्पतीतून चाळीसहून अधिक विथानोलाइड्स वेगळी काढली गेली आहेत. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा, कारण डब्यांवर तीच दिसतात: विथाफेरिन-ए आणि विथानोलाइड-ए. पहिलं पानांत जास्त असतं, दुसरं मुळीत. शिवाय काही विथानोलाइड्सना साखरेचा रेणू जोडलेला असतो आणि थोडे अल्कलॉइड्सही असतात.

"स्टेरॉइड" शब्द ऐकून घाबरू नका. हा रेणूच्या आकाराचा मुद्दा आहे. डॉक्टर देतात त्या प्रेडनिसोलोनच्या गोळीसारखी ही मुळी काम करत नाही. आपल्या अंगातलं कोलेस्टेरॉलही रचनेनं त्याच घराण्यातलं आहे.

ती प्रतिकारशक्ती वाढवते का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा, आणि मला सगळ्यात जास्त खटकणारा शब्दही यातच आहे: "वाढवते".

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की पातळी वर गेली तर चांगलं आणि खाली आली तर वाईट. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन कोणी सरसकट "पाणी वाढवा" असं सांगत नाही. मे महिन्यात माती भेगाळली की ठिबक जास्त वेळ चालवतात आणि श्रावणात बुडाशी पाणी साचलं की चर काढून देतात. शरीराचं असंच आहे. जंतू आला की त्याच्यावर तुटून पडणं हे प्रतिकारयंत्रणेचं एक काम, आणि काम झालं की वेळेवर माघार घेणं हे दुसरं. दुसरं काम बिघडलं तर दमा, ॲलर्जी, आमवात असे आजार होतात. आमवातात सुजलेला सांधा ही प्रतिकारशक्ती कमी पडल्याची खूण नाही, ती आपल्याच सांध्यावर चालून गेल्याची खूण आहे.

अश्वगंधेतली द्रव्यं या यंत्रणेत काही जागी जोर देतात आणि काही जागी आवर घालतात. म्हणून अभ्यासक "वाढवणारी" न म्हणता "प्रतिकार-नियामक" असा शब्द वापरतात. शब्द जड आहे, पण बरोबर आहे. ज्याला हा फरक कळला त्याला पुढची सगळी पथ्यं आपोआप कळतात.

आवर घालतात म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

हा भाग मला शिकवायला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाची प्रथिनं असतात. एरवी दुसरं एक प्रथिन त्यांना दावणीला बांधल्यासारखं धरून ठेवतं. जंतूची चाहूल लागली की आयकेके-बीटा नावाचं एन्झाइम हे दावं सोडवतं. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि सूज आणणाऱ्या संदेशद्रव्यांची जनुकं चालू करतं. ताप, ठणका, लाली या सगळ्यामागे ही संदेशद्रव्यं असतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात.

विथाफेरिन-ए इथे आडवं येतं. आयकेके-बीटावर सिस्टीन नावाचं गंधक असलेलं एक अमिनो आम्ल असतं, त्याला ते पक्कं चिकटतं. एन्झाइम थंडावतं, दावं सुटत नाही, सूज आणणारा निरोप पुढे जात नाही.

आता यातली खोच बघा. जे रेणू असे पक्के चिकटतात ते एकाच जागी चिकटून थांबत नाहीत. विथाफेरिन-ए पेशीच्या सांगाड्यातल्या व्हिमेंटिन या प्रथिनालाही धरतं. मात्रा जास्त झाली तर निरोगी पेशींनाही त्रास होतो. शिवाय हे बहुतेक प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेले आहेत. बशीत द्रव्य थेट पेशीवर पडतं. आपण चमचाभर चूर्ण गिळतो तेव्हा ते आधी आतड्यातून आणि मग यकृतातून जातं आणि रक्तात त्याचा फार थोडा अंश उरतो.

आणि जोर देतात तो कुठे?

केरळात त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रातलं काम मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध दिलं की अस्थिमज्जा दबते आणि पांढऱ्या पेशी घटतात. तिथे अशा उंदरांना अश्वगंधेचा अर्क दिला तेव्हा पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या आणि मज्जेतल्या पेशीही वाढल्या. इतर प्रयोगांत जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशी जास्त चपळ झालेल्या दिसल्या.

हे उंदरांमधलं आहे. केमोथेरपी चालू असलेल्या माणसानं हे वाचून मुळी सुरू करू नये. कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

माणसांवर अभ्यास झालेत का?

झालेत, पण लहान. २००९ मध्ये अमेरिकेत पाच जणांना मुळीचा अर्क दिवसातून दोनदा, दुधाबरोबर, चार दिवस दिला. त्यांच्या टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी (दोन्ही प्रतिकारपेशीच) जागृत झाल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. पाच जण म्हणजे आपल्या एका रिक्षात बसणारी माणसं! त्यावरून गावाला सल्ला देता येत नाही.

२०२१ मध्ये आपल्याकडे २४ निरोगी माणसांवर अभ्यास झाला. रोज ६० मिलिग्रॅम अर्क, ३० दिवस. ज्यांना खरा अर्क मिळाला त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) आणि काही प्रकारच्या प्रतिकारपेशी वाढल्या. हा अभ्यास आधीच्यापेक्षा नीट बेतलेला होता, कारण काही जणांना नुसती नकली गोळी दिली होती आणि कोणाला काय मिळालं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पण रक्तात आकडा वाढणं आणि माणूस कमी आजारी पडणं या दोन गोष्टी एक नाहीत. "अश्वगंधा घेणाऱ्यांना वर्षभरात सर्दी-ताप कमी वेळा झाला" असं दाखवणारा मोठा अभ्यास लागतो, आणि जाहिराती नेमक्या त्याच जागी गप्प बसतात.

झोप आणि ताणाचा याच्याशी काय संबंध?

माझ्या मते मुळीचा माणसाला जाणवणारा उपयोग जास्त करून याच वाटेनं होतो. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, आणि सतत चढं राहिलेलं कॉर्टिसॉल प्रतिकारपेशींना दाबून ठेवतं. २०१२ मध्ये ६४ तणावग्रस्त माणसांवर झालेल्या भारतीय अभ्यासात, ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा ६० दिवस घेतल्यावर कॉर्टिसॉल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. नकली गोळी घेणाऱ्यांत ते सुमारे ८ टक्क्यांनी उतरलं होतं. म्हणजे माणूस शांत झोपला, कॉर्टिसॉल खाली आलं, आणि पेशींवरचा दाब हलका झाला.

याच कारणानं मी हेही सांगते की रात्री दोनपर्यंत मोबाइल बघायचा आणि सकाळी अश्वगंधा घ्यायची, यात मुळीचा दोष नसतो.

कोरोनावर ती चालते का?

२०२० मध्ये दिल्लीच्या आयआयटीतल्या आणि जपानी संशोधकांनी संगणकावर दाखवलं की अश्वगंधेतलं विथानोन विषाणूच्या एका एन्झाइमच्या खाचेत बसू शकतं. संगणकावर बसणं ही संशोधनाची पहिली पायरी असते. आपल्याकडे मात्र मोबाइलवर ती बातमी "औषध सापडलं" म्हणून फिरली. लस घ्यायची ती घ्यायची. मुळी तिची जागा घेत नाही.

दुधातूनच का घ्यायची?

जुन्या वैद्यांनी दूध-तूप सांगितलं त्याला रसायनशास्त्राचाही आधार आहे. साखर न जोडलेली विथानोलाइड्स पाण्यात फार कमी विरघळतात आणि स्निग्ध पदार्थात बरी विरघळतात. वर सांगितलेल्या २००९ च्या अभ्यासातही सायीसकट दूधच वापरलं होतं. आमच्या घरी आई चूर्ण आधी चमचाभर तुपात कालवायची, मग त्यावर कोमट दूध ओतायची. उलट केलं की गुठळ्या होतात आणि चूर्ण तळाशी बसतं.

दूध पचत नसेल तर तूप आणि कोमट पाणी चालतं.

किती घ्यायची?

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात मुळीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. ही साध्या चूर्णाची मात्रा. कॅप्सूलमध्ये असतो अर्क. त्यात विथानोलाइड्स दाटलेली असतात आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. "चूर्ण ५ ग्रॅम चालतं, मग अर्कही तेवढाच घेतो" ही चूक जिवावर बेतू शकते. डब्यावर "चूर्ण" लिहिलंय की "अर्क", आणि विथानोलाइड्स किती टक्के, हे वाचा. टक्केवारीच लिहिलेली नसेल तर मी तो डबा घेत नाही.

महिनोन् महिने अखंड घेण्याची वस्तू ही नाही. अभ्यासही साधारण दोन-तीन महिन्यांपर्यंतचेच आहेत.

मला आमवात आहे. सूज उतरवते म्हणता, मग घेऊ का?

स्वतःच्या मनानं मुळीच घेऊ नका.

माझ्या मामांचं सांगते. त्यांना आमवात आहे आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकार दाबणारं औषध चालू असतं. ओळखीतल्या कोणीतरी "हाडं मजबूत होतात" म्हणून अश्वगंधेचा डबा दिला. दोन महिन्यांनी बोटांचे सांधे इतके सुजले की कळण्याची भाकरी थापणं तर राहो, मोडणंही होईना. मुळीमुळेच आजार उफाळला असं मी ठासून म्हणणार नाही, हा आजार मुळातच लहरी आहे. पण डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "काही नाही." मुळी म्हणजे औषध असं त्यांच्या गावीच नव्हतं. मला राग आला तो त्या "काही नाही"चा.

आमवात, ल्युपस, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत यंत्रणा आधीच घरच्यांवर चालून गेलेली असते. जोर देणारा हात कुठल्या पेशीला लागेल हे सांगता येत नाही. प्रतिकार दाबणारी औषधं चालू असतील, मूत्रपिंड बदललेलं असेल, तर मुळी त्या औषधांच्या नेमकी विरुद्ध ओढू शकते. मेथोट्रेक्सेट यकृतावरही भार टाकतं, त्यात आणखी भर नको.

थायरॉइडच्या गोळीबरोबर चालेल का?

अश्वगंधेनं थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. थायरॉइड आधीच जास्त असेल तर घेऊ नये. कमी असेल आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून, तपासणी करतच. साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांबाबतही हेच, कारण मुळी त्यांचा परिणाम वाढवू शकते.

टीबीचा कोर्स चालू आहे, अशक्तपणा फार आहे. शक्तीसाठी देऊ का?

हा प्रश्न धडगाव-अक्कलकुव्याकडून खूप येतो आणि त्यामागची काळजी मला कळते. पण टीबीच्या मुख्य गोळ्यांतल्या तीन, आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड, यकृताला त्रास देऊ शकतात. त्यात अश्वगंधा घातली आणि कावीळ झाली, तर कशामुळे झाली ते कळणार नाही आणि डॉक्टरांना कोर्सच थांबवावा लागेल. अर्ध्यावर थांबलेला कोर्स म्हणजे न जुमानणाऱ्या टीबीला आमंत्रण. अशक्तपणाला डाळ, अंडी, शेंगदाणे, कळण्याची भाकरी द्या. कळण्यात उडीद असतो, प्रथिनं चांगली मिळतात.

सिकलसेलच्या रुग्णांनाही मी हेच सांगते. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी आहे. त्यात डोळे तसेही अधूनमधून पिवळे होतात, त्यामुळे मुळीनं यकृत बिघडलं तरी लवकर लक्षात येणार नाही.

गरोदर बाईला?

नाही. डिंकाच्या लाडवांतही नाही. बाळंतपणानंतर द्यायची असेल तर वैद्यांना विचारूनच.

यकृत खराब होतं असं ऐकलं. खरं आहे का?

क्वचित होतं, पण होतं. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची नोंद केली. अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत कावीळ आणि अंगभर खाज सुरू झाली, आणि मुळी थांबवल्यावर सगळे बरे झाले. नंतर भारतातूनही अशा नोंदी आल्या. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. त्यांच्या कारणांत थायरॉइडचा आणि गर्भाचा मुद्दा होता. सरसकट बंदी मला पटत नाही, पण त्यांनी मांडलेले प्रश्न खोटे नाहीत. "हजारो वर्षांची मुळी आहे, अपाय होणारच नाही" हे वाक्य तर माझ्या वर्गात मी कोणाला बोलू देत नाही. हजारो वर्षं ती वैद्याच्या हातून, नाडी बघून दिली जात होती. दाट अर्काची कॅप्सूल तेव्हा नव्हती.

पानंही चालतात का? ती तर फुकट मिळतात.

नाही. पानांत विथाफेरिन-ए मुळीपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि पोटात घ्यायला परंपरेनं सांगितली ती मुळी. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानंही औषध उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं. स्वस्तात टक्केवारी गाठायला अर्कात पानं मिसळली जातात, म्हणून डब्यावर "फक्त मुळी" असं लिहिलंय का ते बघा.

चांगली मुळी ओळखायची कशी?

अख्खी घ्या, घरी कुटा. करंगळीएवढी जाड, सरळ, बाहेरून फिकट पिवळट-करडी. वाकवली की टचकन मोडली पाहिजे आणि आत पांढरट दिसली पाहिजे. लवचिक असेल तर ओल राहिली आहे, बुरशी येईल. आत काळपट असेल तर घेऊ नका. चव कडवट-तुरट लागते.

आयोडीनचा थेंब टाकून भेसळ ओळखायची युक्ती मोबाइलवर फिरते. निळा रंग आला म्हणजे पीठ मिसळलंय, असं म्हणतात. अस्सल मुळीतच भरपूर स्टार्च असतो, त्यामुळे ती निळी होणारच. या युक्तीपायी चांगला माल फेकून दिलेली माणसं मला भेटली आहेत.

आपल्याकडे शेती करता येईल का?

हलक्या, निचऱ्याच्या, मुरमाड रानात येते. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत नको, तिथे पाणी थांबतं आणि मुळी सडते. जोराचा पाऊस ओसरत आला की ऑगस्टमध्ये पेरतात आणि १५० ते १८० दिवसांनी, पानं वाळून फळं लाल झाली की उपटतात. मोठा बाजार मध्य प्रदेशात नीमचला आहे. पेरायच्या आधी तिथला भाव आणि घेणारा व्यापारी दोन्ही पक्के करा. कापूस कुठेही विकता येतो, मुळी तशी विकता येत नाही.

घेत असताना लगेच कधी थांबवायची?

डोळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सतत मळमळ, छातीत धडधड, किंवा दिवसाढवळ्या झापड येऊ लागली तर त्याच दिवशी थांबवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधीच बंद करा. दवाखान्यात जाताना पुडी किंवा डबा बरोबर घ्या. डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं की तो टेबलावर ठेवा.